संपावरची लाल स्कार्फवाली

३ मार्च, सोमवार

विमान रद्द! हवाईसुंदऱ्या संपावर. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "उद्या बघा." उद्या काय बघा? उद्या मला ठमीला घ्यायला बालगृहात पोचायचंय. दत्तकाचा आदेश आला, खोली रंगवून झाली, छोटी खाटसुद्धा आली. आणि मी इथे बॅगेला टेकून बसलेय.

ठमी पाच वर्षांची. मागे एक जोडपं तिला "येतो" म्हणून गेलं ते गेलंच. म्हणून बालगृहाच्या बाईंनी बजावलं होतं, तिला वार सांगू नका. पण माझी जीभ! शिलाई मशीन दुरुस्त करून पोट भरते मी. गिऱ्हाइकाला वार सांगायची सवय अंगात मुरलेली. सांगून बसले — मंगळवार.

४ मार्च, मंगळवार

आजही रद्द. बालगृहाच्या बाई फोनवर म्हणाल्या, ठमी सकाळपासून बूट घालून दारात बसलीय, हलत नाही, जेवत नाही.

माझं डोकंच फिरलं. बाहेर फाटकापाशी संपवाले फलक घेऊन उभे होते. समोर जी दिसली तिलाच धरलं — लाल स्कार्फवाली. तोंडाला येईल ते बोलले, ठमीचंही सगळं सांगून टाकलं. मागे ताटकळलेल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. एक आजोबा तर म्हणाले, बरं झालं सुनावलंत. तिने फलक खाली टेकवला. मग हळूच म्हणाली, उतरलो की झोप व्हायच्या आत पुन्हा चढवतात. परवा तिची मैत्रीण उकळत्या चहाच्या किटलीसकट कोसळली. मला काही ऐकायचंच नव्हतं. पाठ फिरवली तर मागून — "ताई, तिला फोन लावता?"

लावला. का लावला देव जाणे.

तिने माझ्या पर्सचा पट्टा मागून घेतला आणि भर फुटपाथवर ठमीला विमानातला पट्टा लावून दाखवला. दारं इकडे, दारं तिकडे — दोन्ही हात लांब करून! "हे सगळं पाठ करून ठेव. आधी स्वतःचा पट्टा, मग आपल्या माणसाचा." फोनवर आधी ठमीचं नुसतं कपाळ दिसत होतं. मग डोळे दिसले. मग म्हणाली, "काकू, तुम्ही पण पाठ करा." काकू म्हणजे मी.

रात्री जेवली म्हणे. दोन घास माझ्याही घशाखाली उतरले.

५ मार्च, बुधवार

माझं गाव इथून लांब, म्हणून विमानतळाच्या बाकावरच झोपले, मान आखडली. फोन लावला तर ठमी विचारते, पट्टेवाली ताई कुठंय? म्हणजे मी नुसती फोन धरायला! खरंच राग आला. हसूही आलं. मुकाट फाटकापाशी गेले. दोघींची उजळणी झाली.

लाल स्कार्फवालीच्या फलकाची काठी निखळली होती. माझ्या पेचकसाने आवळून दिली. कालच्या आजोबांनी बघून तोंड फिरवलं. फिरवू देत.

६ मार्च, गुरुवार

संप मिटला! झोपेचे तास लेखी मान्य झाले. जाताना लाल स्कार्फवालीने मिठी मारली, म्हणाली, आता आधी घरी जाऊन ताणून देते. मला उद्याच्या पहिल्या विमानात जागा मिळाली. ठमीला वार सांगितला नाही. "निघाले" एवढंच सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

पोचले. ठमी दारात, बूट घालून. मला वाटलं होतं रडेल, बिलगेल. छे! पहिला प्रश्न, "काकू, पाठ केलं का?" मी हात लांब करून दारं दाखवली. तिने माझा डावा हात जरा वर उचलला. चुकला होता.

९ मार्च, रविवार

विमानात बसलो दोघी. लाल स्कार्फवाली नव्हती, दुसरीच होती. ठमीने आधी स्वतःचा पट्टा लावला, मग माझा. ओढून बघितला. ती दुसरी पट्टे तपासत आमच्यापाशी आली, तेव्हा ठमी तिला म्हणाली,

"माझ्या आईचा पण लावलाय."