जागा असली तर

६ जानेवारी, सोमवार

जुन्या कंपनीतल्या अर्पिताचा फोन! दुकानात दोन गिऱ्हाइकं समोर बसलेली आणि मी मोबाईल कानाला लावून नुसती "हो... हो... बापरे!" करत होते. नागपूरला एक विमान कंपनी नव्याने येते आहे. स्वस्त तिकीटवाली. काउंटरवरच्या नव्या पोरापोरींना सांभाळायला जुनं माणूस हवंय. अर्पिता तिथे आधीच चिकटली आहे, तिने माझं नाव देऊनही टाकलं. मला न विचारता! "मंजुश्री, नाही म्हणालीस तर बघ हं."

तीन फेब्रुवारीला हजर व्हायचं.

आमची विमान कंपनी बंद पडून नऊ वर्षं झाली. तेव्हापासून इथे चिखलीत बसून दुसऱ्यांची तिकिटं काढते आहे. स्वतः विमानतळाचं तोंड पाहिलेलं नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

७ जानेवारी

सांगितलं. जेवत होते. मला वाटलं होतं, निदान हातातला घास थांबेल.

"जाजो," म्हणाले. "इच्यारते काय? जाजो." आणि भाजी वाढून घेतली!

आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, चहासुद्धा धड करता येत नाही. तुझ्यावाचून माझं अडेल, असं एकदा तरी म्हणावं ना? नाही!

९ जानेवारी

आज काम कमी. सगळा दिवस मन औरंगाबादच्या विमानतळावर. आता नाव बदललं, पण माझं विमानतळ ते औरंगाबादचंच.

आमचं विमान पंख्याचं, लहान. लहान शहरं मोठ्या शहरांना जोडणारी कंपनी. मोतिया रंगाची साडी, निळी किनार. सकाळच्या मुंबईच्या विमानाला तेच ते चेहरे — बियाणेवाले शेठ, कोर्टाचे वकील, एक डॉक्टरीणबाई. सगळ्यांच्या जागा मला पाठ. वकीलसाहेबांना पुढची, पाय लांब करायला. आत गेलं की गरम ओला रुमाल, गरम नाश्ता, उतरताना लिमलेटच्या गोळ्या. गोळ्या मूठभर घेतल्या तरी कोणी बोलायचं नाही.

निवड झाली तेव्हा कंपनीने अभ्यासाला पुस्तक दिलं होतं. विमानाच्या धंद्याचे प्रकार! मला काही केल्या डोक्यात शिरेना. बाबा तेव्हा एस.टी.त कंडक्टर, चिखली डेपो. म्हणाले, "वाच, मी सांगतो." मी वाचायची, ते सांगायचे. खाऊपिऊ घालणारी महागाची कंपनी — "हे आपली निमआराम." चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने — "प्रासंगिक करार! लग्नाची गाडी!" माल नेणारं — "पार्सल." स्वस्तवाली? "काळीपिवळी जीप. भरल्याबिगर हालत नाई, अन् टपावरच्या बोचक्याचे येगळे पैसे." हे एक त्यांचं अर्धं चुकलं. स्वस्तवाली विमानं भरोत न भरोत, वेळेवर सुटतात. जमिनीवर उभं विमान म्हणजे नुसता खर्च. पण बोचक्याचं मात्र अगदी खरं!

"अन् आमची?" मी विचारलं.

"तुमची म्हंजे खेड्याची फेरी. पुण्याचं काम हाये. पन डेपो म्यानेजर रोज बोंबलते."

परीक्षेत चार्टरचा अर्थ विचारला तेव्हा लग्नाची गाडी अगदी ओठावर आली होती! पास झाले. पुस्तकापेक्षा बाबांमुळेच.

१२ जानेवारी, रविवार

जिजाऊ जयंती. सिंदखेडराजाला जादा गाड्या. बाबा सवयीने गर्दी बघायला स्टँडवर गेले. रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली तरी गर्दी दिसली की यांचे पाय तिकडे. आणि तिथे जाऊन काय केलं, तर साऱ्या स्टँडला सांगून आले — "माही पोरगी पुन्हा विमानात लागून राह्यली." संध्याकाळपर्यंत चारजणांनी माझं अभिनंदन केलं. मी अजून हो म्हटलेलं नाही!

मी रागावले. "काऊन सांगत फिरता?" तर हसतात. "चांगली गोष्ट लपवाव काय?"

इतकी घाई? मी नको झालेय का या घरात?

१५ जानेवारी

धाडच्या वच्छलाबाई आल्या होत्या. मुलगा बेंगळुरूला, सुनेचं बाळंतपण, मुलानेच तिकीट काढून मोबाईलवर पाठवलेलं. मला फक्त समजावून सांगायचं होतं. ते म्हणजे तिकीट काढण्याच्या दसपट काम!

पिशवीचे वेगळे पैसे, खाण्याचे वेगळे, खिडकीचे वेगळे — ऐकता ऐकता बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मंग माय, त्या तिकिटात देतेत तरी काय?"

"पोचवतात," मी म्हटलं. दोघी खूप हसलो.

मग शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर पिशवी तोलली. तूरडाळ, कुरडया, डिंकाचे लाडू, लोणच्याची बरणी. लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, ते मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये घालून दिलं. लाडू हातात ठेवले. दुकानातल्या खुर्चीवर बसवून माझ्या ओढणीने पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं. बाईंनी तीनदा बांधला, तीनदा सोडला. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तूच चाल न बापा माह्यासंगं."

फार दिवसांनी असा दिवस गेला.

१८ जानेवारी

अर्पिताला हो कळवलं. आता काय, स्टँडवर जाहीरच झालंय.

आईची आठवण काढून रडले थोडी. आई-बाबांचं ते विमानात बसणं! तेव्हा लिहिलं नव्हतं, आज लिहून ठेवते.

स्टाफच्या आईवडलांना प्रवास फुकट, पण जागा असली तर. पैसे भरणारे सगळे बसले, काउंटर बंद झालं, आणि सीट उरली, की मग यांचं नाव. बाबांना सांगितलं, याला स्टँडबाय म्हणतात. "म्हंजे उभ्याचं तिकीट?" नाही हो बाबा, विमानात उभं राहता येत नाही!

पहिल्यांदा दिवाळीत आले. आई नवं लुगडं नेसून, भाकरी-ठेचा बांधून. विमान भरलेलं. दुसऱ्यांदा डिसेंबरात, चैत्यभूमीला जायचं म्हणून. भरलेलं. तिसऱ्यांदा उन्हाळ्यात. तेव्हाही भरलेलं! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई बाकावर डबा उघडायची. आणि बाबा? बाबा खूश! आमच्या एस.टी.त गाडी किती भरली त्याला भारमान म्हणतात, कंडक्टरचा जीव सगळा त्यातच. आईला म्हणायचे, "शंभर टक्के भारमान हाये बेबी, तुह्या पोरीच्या कंपनीचं! आपल्याले जागा नाई, याच्यापरीस चांगलं काय पायजे?" आणि जेवून एस.टी.ने परत. मुंबईची एस.टी. नाही, चिखलीची!

मग त्याच मार्गावर एक स्वस्तवाली आली. आम्ही गरम नाश्ता फुकट देत होतो, ते पाणीसुद्धा विकत देत होते. तरी माणसं तिकडे. बियाणेवाले शेठ गेले, वकीलसाहेब गेले. दिसले की नजर चुकवायचे. डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत राहिल्या.

त्या फेब्रुवारीत मीच फोन केला. "बाबा, या. आता जागा आहे."

आईला खिडकी मिळाली. बाबांना अख्खी रांग. मी रजा टाकून सोबत बसले. विमान उचललं तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग खाली शेतं दिसली आणि तिने हात हलवला — खालच्या माणसांना! "दिसून राह्यलं असीन काय वं त्याईले?" नाश्त्यातला केक तिने खाल्ला नाही, रुमालात बांधून घेतला. आयुष्यातला माझा सगळ्यात सुखाचा तास तो.

बाबा मात्र सारखे मागे वळून रिकाम्या सीटांकडे बघत होते. मला विचारलं, "भारमान किती?" मी म्हटलं, चांगलं असतं, आज जरा कमी आहे. मुंबईला उतरल्यावर, आई पुढे चालत होती तेव्हा, हळूच म्हणाले, "मंजू, दुसरं काम पाहून ठेव बाई."

पावसाळ्यात कंपनी बंद झाली.

आई जाईपर्यंत त्या एका तासाबद्दल बोलायची. कंपनी बुडत होती म्हणून तिला खिडकी मिळाली, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

१९ जानेवारी

डोळे सुजलेत. दुकान उशिरा उघडलं. बाबांनी विचारलंसुद्धा नाही का ते.

२३ जानेवारी

नागपूरवाल्यांनी मोबाईलवरूनच दोन तास काम समजावलं. समजावणारा मुलगा माझ्यापेक्षा बराच लहान, पण बोलायला गोड. सीटचा कागद यंत्रातून निघणार. बहुतेक लोक घरूनच मोबाईलवर काढून येणार. मग काउंटरवर आम्ही काय करायचं? तर दाराशी एक लोखंडी पिंजरा असतो, हातातली पिशवी त्यात बसते का बघायचं. नाही बसली की पैसे. "मॅडम, आपली खरी कमाई तिथेच आहे." त्याचं चूक नाही. तिकीट इतकं स्वस्त, तर पैसे कुठून तरी यायलाच हवेत. त्या स्वस्तामुळेच तर वच्छलाबाई विमानात बसल्या. निमआराम विमानात त्यांच्या मुलाने बसवलं नसतं.

सगळं पटतं. फक्त त्या पिंजऱ्यापाशी मी उभी, समोर वच्छलाबाई डिंकाचे लाडू घेऊन, हे काही डोळ्यांसमोरून जात नाही.

मला तिथे जायचंच नाहीये बहुतेक! मला जिथे जायचंय ते कधीच बंद पडलंय.

२४ जानेवारी

आज बाबांना सांगणारच होते, जात नाही म्हणून. संध्याकाळी घरी आले तर स्वारी अंगणात. माझी जुनी कंपनीची बॅग काढून, पुसून, चाकांना तेल घालत बसलेली. एक चाक तुटलं होतं, ते बाजारात जाऊन नवं बसवून आणलं. एवढ्या गुडघ्यांनी! "पाय, कशी पयते आता!" म्हणून अंगणात ओढून दाखवली.

त्यांची हौस. आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीत बसवून दिलं, आता मला बसवून द्यायची हौस. सांगायचं राहूनच गेलं.

२८ जानेवारी

बाबा दोन दिवस नीट जेवत नाहीत. म्हणतात, पोट बरं नाही. ओवा दिला.

दुकानाच्या पाटीवर कागद लावला — एक तारखेपासून बंद.

३१ जानेवारी

डबे भरून ठेवले. डाळ, तांदूळ, तिखट, चहा-साखर, सगळ्यांवर नावं चिकटवली. शेजारच्या गीताबाई दोन वेळची पोळी देणार आहेत. गॅस कसा लावायचा ते बाबांना पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, "हाव, हाव, येते मले." येत नाही.

आता तरी काही बोलतील म्हणून उगीच स्वयंपाकघरात रेंगाळले. बोलले ते एवढंच — "नागपूरची गाडी साडेसातची पकडजो. मेहकरपावतर खिडकीत ऊन नाई येत."

बरं बाबा.

२ फेब्रुवारी, रविवार

हे दुकानात बसून लिहिते आहे.

गाडी स्टँडच्या फाटकातून वळली आणि थांबायची घंटी वाजली. ड्रायव्हर ओरडला, "कोन हाये बे?" वळून पाहिलं तर बाबा! माझी बॅग वर ठेवायला चढले होते, ते उतरलेच नव्हते. घंटीची दोरी हातात, आणि गाडीभर लोकांसमोर लहान पोरासारखे रडत होते. "नको जाऊ मंजू. नाई जमत मले. नको जाऊ."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं, तुले जायचं हाये."

"अन् मले वाटलं, तुमाले मी नको झाली!"

कंडक्टर पोरगा बिचारा बॅग हातात घेऊन उभा. म्हणाला, "काका, गाडी सोडू काय?" आम्ही पायरीपर्यंत आलो. मग बाबांनीच मागे हात घालून दोरी दोनदा ओढली, गाडी सोडायची खूण, आणि आम्ही खाली उतरलो.

पाटीवरचा कागद फाडला.