विहिरीला पुरेल एवढी रॅम

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
वैशाख, भर दुपार. पंखा चालू, कूलर कोरडा.

चिरंजीव लक्ष्मण,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, दमूअक्काचा आशीर्वाद. तू आणि दीपमाला खुशाल असाल, पुण्यात नळाला रोज पाणी येत असेल आणि ते तुम्ही गाडी धुण्यात घालवत असाल, असं धरून चालते. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम करत नसशीलच, तरी विचारते. दीपमालाला म्हणावं, कुरडया पोचल्या की कळव. इकडे मी ठणठणीत आहे. (बीपी थोडं वर गेलंय, पण त्याला कारण तू आहेस. पुढे वाचशील तेव्हा कळेल.) नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याच्या मनात आलं तर, आणि बाकीचे दिवस कॉलनी टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसलेली असते. शहर मात्र जोरात वाढतंय. समोरच्या गल्लीत जिथे चिंचेचं झाड होतं तिथे आता सात मजले उभे आहेत, आणि सातही मजल्यांवर लोक रिकाम्या बादल्या घेऊन उभे आहेत.

हे पत्र कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा मी एक साधा प्रश्न विचारला, की माझ्या कॉम्प्युटरला कोणती रॅम घालावी, तर तू आधी हसलास आणि मग म्हणालास, "अक्का, या वयात तुला कशाला हवी एवढी रॅम? टॅब घे, भजनं ऐक." आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास. लक्ष्मण, ऐक. मी मोजणी खात्यात नकाशे काढण्यात उभा जन्म घालवला. या जिल्ह्यातल्या किती भावांचे बांध मी कागदावर सरळ केले ते मलाच माहीत. भजनं ऐकण्यासाठी मी रिटायर झालेली नाही. आणि तो कॉम्प्युटर तूच मला दिलेला आहेस, तुझ्या ऑफिसनं टाकून दिल्यावर, "हा तुला पुष्कळ झाला" असं म्हणून. तो मला पुष्कळ झालेला नाही. तो आठ जीबीचा आहे आणि माझी विहीर त्याच्यात मावत नाही.

विहीर म्हणजे आपली, कॉलनीच्या मोकळ्या जागेतली. आपले चेअरमन पुंडलिकराव (तुझ्या आठवणीतले बारीक पुंडलिकराव नव्हेत, आता ते सर्व बाजूंनी चेअरमन झालेत) यांच्या मनात ती बुजवायची आहे. आत डबर टाकायचा, वर फरशी बसवायची आणि गाड्या लावायच्या. रविवारी सोसायटीची सभा आहे, तिथे हात वर करून ठराव होणार आणि सोमवारी डबराचे ट्रक येणार. पुंडलिकरावांचं म्हणणं, विहीर मेलेली आहे. मी विचारलं, तुम्ही आत उतरून पाहिलंत का? तर म्हणाले, "पाहायचं काय त्यात? दिसतंय की वरून." मोजल्याशिवाय बोलणारा माणूस मला पहिल्यापासून सहन होत नाही. मी चारचौघांत सांगून बसले की रविवारच्या सभेत मी विहीर आतून दाखवीन, पडद्यावर, दगड न् दगड.

आता आत उतरणार कसं? वरच्या पायऱ्या ढासळल्यात. म्हणून मी माझा मोबाईल उतरवला. शेजारच्या मनकर्णाबाई तुला माहीत नाहीत; वैजापूरकडच्या आहेत, मुलाला इथे नोकरी लागली तेव्हापासून शेत सोडून आल्यात आणि शेत सोडल्याचा राग रोज सकाळी आमच्या फाटकावर काढतात. त्यांनी दोर धरला. मोबाईल पोहऱ्याच्या कडीला बांधला, दिवा लावला, आपोआप फोटो निघत राहतील अशी व्यवस्था केली आणि सोडला खाली. पोहरा स्वतःभोवती गरगर फिरतो, हे आमच्या पथ्यावर पडलं. चारी बाजूंचे फोटो फुकटात निघाले. (काही फोटोंत नुसता मनकर्णाबाईंचा चेहरा आहे, वरून डोकावणारा. ते वेगळे काढले.) असे काही शे फोटो एकत्र सांधून अख्खी विहीर उभी करणारा एक प्रोग्रॅम असतो. तो मी शिकले. कोणाला न विचारता शिकले. पण तुझा तो दानधर्माचा कॉम्प्युटर निम्मी विहीर होते न होते तोच निळा पडदा दाखवून आडवा पडायचा. रॅम कमी. म्हणून तुला फोन केला होता, भजनांसाठी नव्हे.

मग गेले चौकातल्या सत्यमच्या दुकानात. पोरगा चांगला आहे, पण त्याला गिऱ्हाईकाच्या कामापेक्षा रॅमच्या दिव्यांचं कौतुक जास्त. काळ्या चिलखतातली रॅमच्या पट्ट्यांची एक जोडी काढली, जिच्या पाठीवर लाल-निळे-हिरवे दिवे पळतात, आणि म्हणाला, "अक्का, येच लेके जाओ. लई भारी चीज है, रॉकेट है रॉकेट." बाजूला एक साधी जोडी होती, हिरवी, उघडीबोडकी, मापाला तितकीच, बत्तीस जीबीची. मी विचारलं, दोघींत फरक किती? म्हणाला, "बहुत फरक है." मी म्हटलं, बहुत म्हणजे किती? तेव्हा तो खोक्यावरची अक्षरं वाचायला लागला. आपण टरबूजसुद्धा टिचकी मारल्याशिवाय घेत नाही. मी त्याला सांगितलं, दोन्ही जोड्या घरी नेते, माझ्या विहिरीवर चालवून बघते, जी पास होईल ती ठेवीन. तो म्हणाला, असं कोणी देत नाही. मी माझी स्कूटी त्याच्या दुकानासमोर लावली, किल्ली काउंटरवर ठेवली आणि दोन्ही जोड्या पिशवीत घालून चालत घरी आले. (तेव्हापासून तो माझ्या स्कूटीवरून गावभर प्रिंटर पोचवतो आहे. पेट्रोल त्याचं आहे, म्हणून काही बोलले नाही.)

घरी आल्यावर पाय धुवायला मागे गेले (अर्धा तांब्या पाण्यात, हल्ली तेवढंच), तेवढ्यात मनकर्णाबाई आल्या. टेबलावर नव्या वस्तू दिसल्या. त्यांनी काय केलं असेल? देवघरातून करंडा आणला आणि दोन्ही जोड्यांना हळदीकुंकू लावलं. लावावं तर कुठे, तर पट्टीच्या खालच्या सोनेरी दातांवर, कारण "तितंच जरा सोन्यासारखं दिसलं". मी डोक्याला हात लावला. त्या म्हणाल्या, "अक्का, नवी जिन्नस घरात आली, तिला हळदकुकू नाय लावायचं? ट्रॅक्टरला लावतोत, हिला काय झालं?" फार तर पुसून टाकू म्हणून पुसलं आणि बसवलं, तर कॉम्प्युटर सुरू होईना. नुसता लांब सुरात ओरडायचा, थांबायचा, पुन्हा ओरडायचा. मनकर्णाबाईंनी हात जोडले. शेवटी मी नकाशांच्या काळातलं माझं खोडरबर शोधून काढलं आणि एकेक दात घासत बसले. हळद निघाली, कुंकू निघालं, आणि मशीन पहिल्या झटक्यात उठलं. खोडरबरावर अजून पिवळा डाग आहे. तो मी जपून ठेवणार आहे.

आता परीक्षा. तू नाक मुरडू नयेस म्हणून रीतसर सांगते. तेच फोटो, तीच खुर्ची, तोच पंखा. आधी साधी जोडी: निळा पडदा नाही, विहीर सावकाश पण पुरी झाली. मग दिव्यांची जोडी: तीही पुरी झाली, आणि वेळ लागला तेवढाच! मी तशीच चालत सत्यमकडे गेले. रॉकेट उडालं नाही म्हणून त्याला विचारलं, तर तो म्हणाला, होईल हळूहळू. हळूहळू होणारं रॉकेट मी पहिल्यांदा ऐकलं. घरी येऊन स्वतः वाचून काढलं तेव्हा कळलं, की अशी पट्टी नुसती बसवली तर ती साध्या चालीनंच चालते. मशीन सुरू होताना आतल्या सेटिंगमध्ये जाऊन तिला तिचा वेग चालू करून द्यावा लागतो. सत्यमनं इतकी वर्षं हे विकलं, पण एकाचाही वेग चालू केला नाही, आणि गावातली सगळी गिऱ्हाइकं दिवे बघून खूश आहेत.

मी वेग चालू केला. सकाळी खरंच पळाली, नाही म्हणणार नाही. एक कप चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढी आधी विहीर पुरी झाली. पण मी मोजणीवाली. एकाच मापावर विसंबून कागदावर सही करत नाही. भर दुपारी पुन्हा लावली, सोबत रॅम तपासण्याचा तो प्रोग्रॅम, जो एक आकडा लिहितो आणि तोच परत वाचून बघतो. बाहेर कातडं सोलणारं ऊन, कूलरमध्ये घालायला पाणी नाही, म्हणून तो भट्टीसारखी हवा मारतोय. अन् सुरू झाल्या लाल ओळी! लिहिलं एक, आठवलं दुसरं. विहिरीच्या भिंतीला मध्येच भोक पडलं आणि तिथे मनकर्णाबाईंचं अर्धं नाक उगवलं. (तो फोटो कुठून शिरला, देव जाणे.) त्याच उन्हात, त्याच हवेत साधी जोडी लावली. एकही लाल ओळ नाही. माझा निकाल असा: जी थंडीत पळते आणि उन्हात विसरते, ती कितीही चमकली तरी मराठवाड्याच्या उपयोगाची नाही.

साध्या जोडीवर उभी राहिलेली विहीर तू बघायला हवी होतीस. बोटानं फिरवावी तशी फिरते. आणि उत्तरेच्या भिंतीला, गाळाच्या थोडं वर, दगडांचा एक पट्टा काळा ओला आहे आणि त्यावर शेवाळ आहे. हिरवंगार. वैशाखात, या असल्या वर्षात, सगळ्या गल्लीत दुसरं काहीही हिरवं नसताना! विहीर मेलेली नाही, रे. गाळाखाली दबून पडलेली आहे. मला खुर्चीत बसल्या बसल्या रडू आलं, आणि मनकर्णाबाई म्हणाल्या, "पाजर हाय बगा, अक्का. गाळ काडला का लागलंच पानी." मी पुंडलिकरावांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोनदा फिरवून पाहिली, छान आहे म्हणाले, चहा घेतला आणि हसत म्हणाले, "रविवारी बघू, अक्का." ते का हसले हे मला ते गेल्यावर समजलं. असो. मी हटणार नाही एवढं त्यांना सांगितलं आहे, तुलाही सांगते.

दीपमालाला आशीर्वाद. उन्हात हिंडू नकोस, व्यायाम कर.

तुझी,
दमूअक्का

ता. क. - रॅमबद्दल वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, तरी मी दिव्यांची जोडी ठेवून घेतली आणि साधी परत केली. वेग बंद केला की दिव्यांची जोडीही निमूट चालते, उन्हातसुद्धा तपासून घेतली. आणि मला तो हिरवा दिवा आवडतो. यावर काही बोलायचं नाही.

पुन्हा ता. क. - आता खरं काम. पुंडलिकराव हसले, कारण सभेत मला हातच वर करता येत नाही. आपले वडील, अण्णा, गेल्यावर घर तुझ्या नावावर झालं, म्हणून सभासद तू. कर मी भरते, टँकरच्या रांगेत मी उभी राहते, मत तुझं! आणि तू त्यांना फोनवर म्हणालास म्हणे, "बुजवा, माझी हरकत नाही," कारण त्यांनी तुझ्या गाडीला सावलीतली जागा देऊ केली. वर्षातून दोनदा येणाऱ्या गाडीला! मला राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

तर एक गोष्ट सांगते. विहीर पडद्यावर मोठी करून बघत होते. खालच्या एका पायरीवर, जिथे तू पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकताना थरथरत उभा राहायचास, तिथे खिळ्यानं कोरलेली अक्षरं आहेत. आठ जीबीत ती कधीच वाचता आली नसती. "ही विहीर लक्ष्मणची आहे. कोणीही आत दगड टाकू नये."

रविवारी सकाळी सभा आहे. फोन करू नकोस. ये, आणि हात वर करून हेच वाक्य चारचौघांत म्हण.