ओरडतो त्याला मागून

११ जानेवारी १९८१, रविवार
भंडाऱ्याहून प्रथमोपचाराचा वर्ग करून आंधळगावात परत. आमच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, दरवर्षी कुणीतरी छकड्याखाली येतो, म्हणून पट कमिटीचे अध्यक्ष भैय्याजी म्हणाले, केवळराम, तुमचं कापडाचं दुकान, पट्ट्या घरच्याच, तुम्हीच जा. गेलो. पट्टी बांधण्यात पहिला! जखमांचे फोटो दाखवले तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर होतो. तहान फार लागली होती. बिल्ला मिळाला, लाल अक्षरांचा.
संकल्प: रोज पाठांतर. घाबरायचं नाही. घाबरत नाहीच, तरी लिहून ठेवलं.

१३ जानेवारी
ओसरीवर मोठ्याने पाठांतर. ‘ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, त्याला मागून पाहा. गप्प असेल त्याच्याकडे आधी जा. पोटाला मार, अंग गार, ओठ पांढरे, म्हणजे आतून रक्त जातंय. पाणी देऊ नका. पाय उंच करा. ताबडतोब दवाखाना.’
बायको रुखमा तांदूळ निवडत होती. म्हणाली, सतराखेपा तेच काहून म्हणून रायले? म्हटलं, हे शास्त्र आहे, तुझ्या डोक्यावरून जाईल.

१५ जानेवारी
संक्रांतीला रुखमाचा भाऊ तुलाराम आला आहे. पटात त्याची जोडी पळणार. हा माणूस दिवसातून चार शब्द बोलतो, त्यातले दोन बैलांशी. प्रॅक्टिससाठी त्याच्या पायाला पट्टी बांधली अन् जेवायला बसलो. जेवून आलो तर म्हणतो, भाऊजी, पाय बधिर झाला. आधी सांगायला काय झालं होतं? पट्टी मात्र झकास.

२० जानेवारी
शेजारी श्यामरावाने कोंबडा कापला. गिऱ्हाईक खोळंबलं असेल म्हणून मी तडक दुकानात निघून आलो. मंगळवारी दुकान बंद असतं, हे कुलूप पाहिल्यावर आठवलं.
दुपारी डोळा लागला तर स्वप्न. छकडा लोकांत शिरलाय अन् माझी प्रथमोपचाराची पेटी उघडत नाही. घामाघूम उठलो. गोधडी फार जाड आहे.

२४ जानेवारी
उद्या पट. पेटी चारदा उघडून पाहिली. रुखमा म्हणाली, भेव वाटून रायला त सांगा भैय्याजीले, दुसरा पाहतीन. म्हटलं, भीती कशाची? भीती एवढीच की उद्या कुणाला काही झालं तर लोक मला बोलावतील. मारुतीला नारळ बोललो: सगळे सुखरूप राहू देत. लोकांसाठीच.

२५ जानेवारी, संध्याकाळ
बापा रे.
तुलारामची जोडी बिथरली. छकडा लोकांत घुसला अन् उलटला. धूळ, आरडाओरडा. लोक म्हणाले, केवळरामजी, धावा! मी धावलो. कोणत्या बाजूला ते आधी कळलं नाही, पण फिरून परत आलो.
पानठेलेवाला बाबूलाल ‘मेलो, मेलो’ करत लोळत होता. कोपर खरचटलेलं. असली पट्टी बांधली की लोक पाहत राहिले. बाबूलाल ओरडत होता तोवर मला बरं वाटत होतं. ओरडणारा माणूस मरत नाही.
बाभळीखाली तुलाराम पोट धरून बसला होता. त्याच्या पोटात छकड्याची दांडी बसली होती म्हणे. मला म्हणाला, मले काई नाई झालं, तुमी त्याले पाहा. तोंड कसं मातीसारखं! त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. डोळ्यात धूळ होती. त्याने पाणी मागितलं. काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी गिलास भरून पुढे केला.
बायकांच्या गर्दीतून रुखमा धावत आली अन् तिने हात मारून गिलास उडवला. ओरडली, पाणी नोका देऊ! अंग पाहा गार पडलं त्याचं, ओठ पाहा! तुमीच त रोज म्हणता! त्याला आडवं पाडलं, पायाखाली बैलाची झूल घातली, भैय्याजींची जीप मागवली अन् स्वतः चढली. मला म्हणाली, चाला. मी म्हटलं, बाबूलालची पट्टी ढिली होऊन राहिली.

२६ जानेवारी
रुखमा परतली नाही. दवाखान्याच्या वाटेवरचं वरठीचं रेल्वे फाटक बंद असलं तर? चार घास गेले नाहीत. भाजीत मीठ कमी असावं. भाजी मीच केली होती. डोळे मिटले की तुलाराम पाहतो. देवा, त्याला वाचव. त्याला काही झालं तर मी तिच्यासमोर उभा कसा राहू?
दुपारी जीपवाला आला. पोटात रक्त साचलं होतं, ऑपरेशन झालं, जगला. मी दुकानात गेलो अन् कापडाच्या गठ्ठ्यात तोंड घालून रडलो. सर्दी झाली आहे.
तसं पाहिलं तर पाठांतर माझंच होतं.

१२ फेब्रुवारी
तुलाराम दवाखान्यातून आमच्याकडे आला. काठीसारखा झालाय. विचारलं, कसं काय, बरं आहे ना? तो खाटेवर टेकला. मग म्हणाला, आता पाणी देता का, भाऊजी?
दिलं. अर्धं माझ्याच धोतरावर सांडलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
कमिटीची बैठक. पुढच्या वर्षीपासून प्रथमोपचार रुखमाकडे. बायकांना उत्तेजन द्यावं म्हणून मीच नाव सुचवणार होतो. भैय्याजींनी आधीच सुचवलं. बिल्ला माझ्या सदऱ्यावरून काढून तिच्या पदराला लावला. मी टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळी तिची प्रॅक्टिस. दुसरं कुणी पडून राहायला तयार नाही म्हणून मीच. पायाला पट्टी अशी आवळून गेली की मी मेलो, मेलो म्हणून ओरडलो. रुखमा चुलीजवळून म्हणाली, ओरडणाऱ्याले मागून पाहतात.
मग मी गप्प झालो. अगदी गप्प. तेव्हा आली, कंदील तोंडाजवळ धरून पाहिलं. म्हणाली, ओठ चांगले लाल हायेत तुमचे. पडा.
अन् भाकरी थापायला गेली.