पिळलेल्या घोड्याची वाटणी

मी, इरावती गुरुप्रसाद टिळेकर, वय एकाहत्तर, ईसा टाउनच्या शाळेतली निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार अदलिया, बहारीन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. किळस मात्र अनावर झाली आहे, तिचीही नोंद व्हावी.

१. पुण्याचा फ्लॅट आणि ठेवी मुलगा सलील याला. सोबत आशीर्वादही मिळाला असं त्याने समजू नये.

२. कारण सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वी अल्ताईच्या डोंगरात भटके घोडेस्वार आपल्या मेलेल्या माणसांबरोबर घोडेही पुरत. घोड्याला हरणाच्या शिंगांचा मुखवटा चढवत. मेलेल्याच्या अंगावर गोंदलेले प्राणी असत. त्यांतल्या घोड्याचं मागचं अर्धं अंग पिळलेलं, खूर आभाळाकडे. पुढून अजून इथला, मागून गेलेला, असं मी ते चित्र वाचते. उभं आयुष्य मी हे घोडे आणि गरुडाच्या चोचीचे सिंह कागदावर उतरवले.

सलीलने मला न विचारता ते आपल्या कबाबच्या हॉटेलात लावले. वर डिझायनरकडून घोडे सरळ करून घेतले! म्हणे, "आई, उलटं ढुंगण बघून कस्टमरला जेवण जाईल का?" सिंहाला आचाऱ्याची टोपी घातली. कागदी रुमालांवरही तेच घोडे छापलेत, लोक त्यांना तोंडाचा रस्सा पुसतात. शी! उद्घाटनाला मी जेवले नाही.

३. मूळ चित्रं नात स्पृहा हिला. "आजी, व्हाय इज हिज बॅक अपसाइड डाउन?" असं तिने एकटीने विचारलं. तो निघालाय, मी म्हटलं. तिने कागद उलटा धरून त्याची दुसरी बाजूही नीट पाहिली. तिच्या आईबापांनी चित्रांना हात लावू नये.

४. रंग, ब्रश सलमाबादचा फ्रेमवाला यासीन याला. फ्रेममध्ये बसावं म्हणून त्याने माझं चित्र कधी कापलं नाही.

५. अंत्यसंस्कार इथेच करावेत, मला विमानात घालू नये. हाडांच्या दुखण्याने माझी पाठ कमरेतून वाकली, मान उजवीकडे वळली. सलीलने हॉटेलातल्या घरच्या फोटोत मला कॉम्प्युटरवर ताठ केलं आहे. "बघ, किती छान दिसतेस!" तो फोटो उतरवावा. ती बाई मी नव्हे.

अल्ताईची माणसं आपल्या माणसाला कुशीवर, गुडघे मुडपून निजवत. मलाही चितेवर तसंच निजवावं. सलील, अग्नी तूच दे, दुसऱ्या कुणाचा मला नको. पण मला सरळ करू नकोस.

वाचून, समजून घेऊन सही केली.
इरावती गुरुप्रसाद टिळेकर

आमच्यासमक्ष सही झाली:
१. विशाखा कारखानीस
२. ऋत्विक राणे

अदलिया, बहारीन
९ फेब्रुवारी २०२५