हार घातलेली सायकल

अण्णा, परवा माझ्या युट्रेख्टच्या ऑफिसात एक अशील पेढे घेऊन आला. बायकोने घरी केलेले, जरा चिवटच. तुम्ही असतात तर दोन खाऊन मग नावं ठेवली असतीत.

हा पुण्याचा इंजिनियर आइंडहोवनला नोकरीवर येऊन दीडच वर्ष झालंय. इथले डच लोक नको असलेलं सामान दाराबाहेर ठेवतात, हवं त्याने न्यावं. अशाच एका जुन्या कपाटावर ‘फुकट’ अशी चिठ्ठी आणि त्याला टेकून बिनकुलपाची सायकल. तीही फुकटच समजून याने आणली घरी. नवं वाहन आल्यावर आपल्या लोकांना राहवतंय थोडंच! हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, चाकाखाली लिंबू झालं. चौथ्या दिवशी पोलीस आले, कारण सायकल शेजारच्या बाईंची होती. सरकारी वकिलांनी प्रस्ताव दिला, चोरी मान्य करा, चाळीस तास समाजसेवा करा, कोर्टात यायला नको. गडी खूश. “मॅडम, बागेत पानंच गोळा करायची ना? ऑफिसात कळायच्या आत मॅटर क्लोज!” मलाही ते स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं.

आणि एकदम तुमचं तालुका कोर्टाबाहेरचं वकिलीचं टेबल दिसलं. मी सोळा वर्षांची, सुट्टीत तुमच्या फायली लावतेय. मारामारीच्या केसमधल्या शाळेच्या शिपायाला मी ऐटीत सांगते, “काका, कबूल करून टाका, किरकोळ दंड होईल.” तुम्ही त्याच्यासमोरच मला झापता, “दंड किरकोळच आहे, पण याची नोकरी गेली तर ती तू आणून देणार आहेस?” मी रडकुंडीला येते. तुम्ही मात्र त्याच्याकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारता, “आता तुम्ही मला सांगा, सही केल्यावर पुढे काय काय होईल?” अशिलाने स्वतःच्या तोंडाने नीट सांगेपर्यंत तुम्ही त्याला पेन देत नसायचात. एकेकापाशी अर्धा-अर्धा तास. मला भयंकर कंटाळा यायचा.

इंजिनियरला मी तोच प्रश्न विचारला. “काय होणार? घरी जायचं, मॅडम.” मग मी समजावलं, की सही म्हणजे चोरीची कबुली, आणि इथे येऊन इतके कमी दिवस झालेल्याचा राहण्याचा परवाना तेवढ्यावरूनही जाऊ शकतो. त्याचा गेला की बायकोचा आणि मुलीचाही. नकार दिला तर खटला उभा राहू शकतो, हेही सांगितलं. त्याचा चेहरा पडला. शेजारी बसलेली बायको म्हणाली, “थांबा, फॅमिली ग्रुपवर फोटो आहेत.” पहिल्यात चिठ्ठीचं कपाट, सायकल आणि खाली सासूबाईंना मेसेज, ‘आई, फुकट सायकल मिळाली!’ दुसऱ्यात हार घालून दारातच उभी केलेली तीच सायकल. चोर अशी मिरवणूक काढत नाही, असं लिहून मी नकारासोबत दोन्ही फोटो पाठवले. तीन आठवड्यांनी केस बंद झाल्याचं पत्र आलं. मी ऑफिसात चक्क टाळ्या वाजवल्या, अण्णा.

पेढे देताना तो म्हणाला, “तुम्ही विचारलंत म्हणून वाचलो.” मी मान डोलावून पेढा तोंडात टाकला. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र त्याच्याच फाइलमध्ये ठेवून देतेय, कारण बाकी कुणाला सांगायची हिंमत नाही. त्या दिवशी पेनाचं टोपण काढून मी ते आधीच त्याच्या हातात दिलं होतं. तुमचा प्रश्न आठवल्यावर परत मागून घेतलं.