ताउनोला साडेपाचला कोण झोपवणार?

प्रिय आयलीताई,

धाकट्या एल्माचा वाकून नमस्कार (कंबर साथ देते तेवढाच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? कालेर्वोभावजींची पाठ मोकळी झाली का? गोठलेल्या तळ्यावर मासे धरत तासन्‌तास बसल्यावर पाठ बिचारी काय करील! तुझ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिसतं का अजून? माझं ठीक. आपला ताउनोही आहे तसाच. जन्मापासून त्याचे हातपाय ऐकत नाहीत, जीभ सावकाश चालते, डोकं मात्र माझ्या पुढे धावतं. माझी कंबर गेली ती त्याच्यापायीच. मदतनीस राया आजारी होती, म्हणून मीच आपल्या भावाला चाकाच्या खुर्चीतून उचलायला गेले आणि दोघंही सतरंजीवर. तिथून छत छान दिसतं. ताउनो म्हणाला, "एल्मा, जाळं लागलंय बघ कोपऱ्यात." शेजारी येईपर्यंत आम्ही जाळंच बघत होतो.

हे हसण्यावारी नेलं असतं गं, पण आता जिल्हा कचेरीने ठरवलंय की रायाची रात्रीची फेरी बंद. शेवटची फेरी साडेपाचला, तेव्हाच ताउनोला बिछान्यात घालायचं. शनिवारचं सौना तर कायमचंच बंद, कारण वाफेचं स्नान म्हणे गरज नव्हे, चैन. (हे आपल्या आजीने ऐकलं असतं तर कचेरीवर लाकडाचा ओंडका फेकला असता. ती स्वतः सौनातच जन्मली होती.) आणि ज्याला हे झेपणार नाही त्याने शहरातल्या संस्थेत जाऊन राहावं. ताउनोला या घराबाहेर झोप येत नाही, तुला माहीत आहे. संस्थेत तो एक हिवाळा काढणार नाही.

तर कचेरीच्या सारेलाबाई हे समजावायला शाळेच्या सभागृहात आल्या. तरुण, दक्षिणेकडच्या, स्वभावाने बऱ्या. कॉफी होती, वेलदोड्याचे गोड पाव होते, आणि पहिला कप कुणी उचलायचा या संकोचात सगळं गाव भिंतीला टेकून उभं. बाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" कुणी हूं की चूं केलं नाही. आता आपल्याकडे असं गप्प बसणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. आपले बाबा खरे संतापले की दोन-दोन दिवस बोलत नसत. अख्खं गाव तसं संतापलं होतं. पण बाई हसल्या, "छान! म्हणजे सगळ्यांची संमती आहे," असं म्हणून त्यांनी तसं टिपूनही घेतलं.

तेवढ्यात खळ्‌कन आवाज झाला. ताउनोने कोपराने कप पाडला होता (मुद्दाम, असं तो नंतर म्हणाला). तो बोलू लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणतायत हे?"

"मलाच विचारा," ताउनो म्हणाला. "वेळ लागेल. बसा."

त्या बसल्या. एकेक शब्द येईपर्यंत खिडकीवरचा बर्फ वितळून ठिबकत होता.

"जूनमध्ये... इथे सूर्य मावळत नाही. त्याला कुणी साडेपाचला झोपवत नाही. मला का?"

बाई आपली टिपणं चाळू लागल्या.

"तुम्ही कधी झोपता?"

"अकरा... कधी बारा."

"कोण ठरवतं?"

त्या गप्प झाल्या, आणि या वेळी त्यांचं गप्प बसणं अगदी आपल्याकडचं होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "नको." दुसरं म्हणालं, "नाही चालणार." आपल्या लोकांच्या मानाने ही दंगलच गं! बाईंनी टिपलेलं खोडलं. कॉफी गार झाली, पण सगळ्यांनी प्यायली. मात्र जाताना त्या हळूच म्हणाल्या की निर्णय त्यांच्या हातात नाही. पुढच्या महिन्यात जिल्हा मंडळाची बैठक बसेल, तिथे स्वतः येऊन सांगावं लागेल.

ताउनो म्हणतो, सांगतो.

तुझी,
एल्मा

ता. क. वाचून वाटेल की मीही तिथे गरजले. नाही गं. माझ्या तोंडात पाव होता, आणि तो गिळला तरी मी गप्पच राहिले असते. मंडळापुढे मात्र मी बोलणार आहे. आरशासमोर सराव चालू आहे. आरशाला अजून पटलेलं नाही.

ता. क. दुसरा. पत्र खरं यासाठी. मंडळ तुमच्या गावात बसतं. आम्ही तिघं, म्हणजे ताउनो, मी आणि राया, आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्कामाला येऊ म्हणतो. पण तुझ्या दाराचा उंबरठा ताउनोच्या खुर्चीला फार उंच आहे. भावजींना तो कापून काढायला सांगशील? आजोबांनी बसवलेला आहे, ठाऊक आहे मला. म्हणूनच दोन पानं कुत्र्यात, गुडघ्यात आणि सभेत घालवली. लवकर उत्तर पाठव, ताई, हो किंवा नाही, पण लिही. गप्प राहिलीस तर संमती समजून आम्ही करवत घेऊनच निघू.