उघडी तोंडं

प्रिय चिमे,

पन्नाशीला आलेल्या बाईला चिमी म्हणू नये हे कळतं, पण दुसरं काही तोंडात येत नाही. हे पत्र जेवायच्या आधी वाचू नकोस. ह्यात लाळ आहे, पू आहे, ओकारी आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्या खुर्चीत बसले होते. सभ्य गृहस्थ, कपड्यांना कडक इस्त्री आणि तोंडात उकिरडा. त्यात नवीन काही नव्हतं, माझं आयुष्यच लोकांच्या तोंडात गेलं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपल्या घराचं दोन पिढ्या भरलं. मी आरसा आत घातला, गाल बाजूला केला आणि हात थांबला. पुढे जाईना, मागे येईना. मग पोटातून असा उमासा आला की मी बेसिनकडे धावले आणि तिथेच भडाभडा ओकले. मुख्याध्यापक बिचारे तोंडात कापसाचे बोळे घेऊन, आ वासून छताकडे बघत राहिले. शेवटी नर्सबाईंनी बोळे काढले आणि डॉक्टरांना बरं नाही म्हणून त्यांना वाटेला लावलं.

तुझे भाऊजी म्हणाले, पित्त आहे. पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. पण त्या दिवसापासून जिकडेतिकडे शिसारीच. भाऊजी चहा भुरकले की अंगावर काटा. माझ्याच मास्कमधला माझाच श्वास नकोसा. आणि बाबांची कवळी! आता ती त्यांना काढता येत नाही, मीच बोट घालून काढते. खाली घासांचा लगदा चिकटलेला असतो, आंबूस वास मारत. कधी बाबा बोट चावतात. वर दात न आलेल्या मुलासारखे हसतात. मी श्वास रोखून, भिंतीकडे बघत ते सगळं उरकायचे, आणि मग बापाची किळस येणारी मुलगी म्हणून स्वतःचीच किळस यायची. कुणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एका डॉक्टर मैत्रिणीने समुपदेशकांकडे पाठवलं. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, बसलं की खड्डा पडणारा सोफा, पुढे टिशूचा डबा. म्हणजे इथे येऊन रडायचं असतं! तो डबा बघूनच डोकं फिरलं. बाईंना सर्दी झालेली, आणि त्यांच्या पुढच्या दोन दातांच्या फटीत कसलंसं हिरवं पान अडकलेलं. त्या मला शांतपणे काहीबाही विचारत होत्या आणि मी तासभर त्या पानाकडे बघत होते. निघताना राहवेना. म्हटलं, तुमच्या दातात काहीतरी आहे. त्या खो खो हसल्या, नखाने पान काढलं आणि म्हणाल्या, "पूर्ण तास हे बघत होतात? मग बोलायला इतका वेळ का लागला?" मी रागाने जिना उतरले. पुढच्या आठवड्यात परत गेले.

चिमे, मला वाटायचं ह्या लोकांचं एक ठरलेलं असतं. सगळं आईबापावर ढकलायचं, नाहीतर डोळे मिटून श्वास मोजायला लावायचा. ह्या बाईंचं तसं नव्हतं. कधी त्या लहानपणाबद्दल विचारायच्या. मी पास होण्याआधीच बाबांनी त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर माझं नाव रंगवून घेतलं होतं, हे मी त्यांना कौतुकाने सांगायला गेले आणि सांगता सांगता तो टिशूचा डबा जवळ ओढला. कधी विचारायच्या, आत्ता बोलताना मळमळ नेमकी कुठे सुरू झाली, छातीत की घशात? आणि एकदा सरळच म्हणाल्या, "डॉक्टर, आपण मरणार आहोत. तोपर्यंत हे असंच चालू राहिलं तर?" असं कुणी विचारतं का! घरी आले ती फणफणत. पण प्रश्न हाडाला लागला होता.

माझं आपलं प्रत्येक गोष्टीवर एकच पालुपद, करावं लागतं. एक दिवस त्या म्हणाल्या, "ते 'लागतं' काढून टाका आणि 'मी करते' म्हणून बघा. जमत नसेल तर नाही म्हणा." मला हा पोरखेळ वाटला. पण म्हटलं. मी बाबांची कवळी काढते. मी बाबांचं तोंड धुते. नाक मुरडत म्हटलं, पण म्हणता आलं. मग म्हटलं, मी दवाखाना चालवते. आणि चिमे, वाक्य अर्ध्यावर असतानाच तो मुख्याध्यापकांच्या दिवसाचा उमासा आला. उलटं निघालं सगळं. मला वाटत होतं बाबा जड झालेत. बाबा नव्हते. ज्याला लोक वारसा म्हणून हात जोडतात तो दवाखाना जड झाला होता.

म्हणून मी दवाखाना बंद केला. पाटी उतरवली, खुर्ची एका नव्या डॉक्टरला देऊन टाकली. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी दूध घेऊन आले आणि चहा टाकू का म्हणाले. किळस गेली का? छे. कवळीला अजून तसाच वास येतो. पण आता मी भिंतीकडे बघत नाही, बाबांकडे बघते, आणि "शी, काय हो हे बाबा" असं मोठ्याने म्हणते. ते हसतात. पुढे मी काय करणार ते ठरलेलं नाही. बाईंनाही विचारलं. म्हणाल्या, ते सांगणं माझं काम नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिसरी पिढी येतेय म्हणून तू सगळ्यांना सांगत असतेस, तुझ्या लेकीचं नाव पाटीवर कोणत्या रंगात हवं ते मला कळवतेस. ती दोन महिने डेंटल कॉलेजला गेलेली नाही, चिमे. हॉस्टेलच्या खोलीत पडून होती. परवा बॅग घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, मला ती उघडी तोंडं बघवत नाहीत." मी तिला काही शिकवलेलं नाही, माझं काही सांगितलंही नव्हतं. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तुला राग येईल, माझा आणि तिचाही, तो येऊ दे. रविवारी आम्ही दोघी येतो. तिला बोलू दे, पुरतं बोलू दे, आणि पुढे काय हा प्रश्न निदान त्या दिवशी तरी विचारू नकोस. ती सुखरूप आहे. आत्ता आतल्या खोलीत बाबांना पेपर वाचून दाखवते आहे. बाबा तिला चिमी म्हणून हाक मारताहेत, आणि ती दर वेळी ओ देते आहे.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
ताई